फणीरावांची लांबलेली पंचमी

एका जंगलात एक तांबडी टेकडी होती, आणि त्या टेकडीवर सगळ्यांना सारखे हक्क होते. उंदरांना बीळ खणायचा हक्क होता. नागाला बिळात शिरायचा हक्क होता. कुणी कुणाच्या हक्काच्या आड येत नसे.

सरसावून बसा, मुलांनो. आणि ज्यांना ही गोष्ट आधीच माहीत आहे असं वाटतंय, त्यांनी तोंड मिटून बसा. तुम्हाला माहीत असलेली गोष्ट वेगळी. ती शाळेत सांगतात.

तर या नागाचं नाव फणीराव. अंगानं सुरेख, बोलायला मऊ. आवाज कधी चढवत नसत, कारण तशी गरजच पडत नसे. त्यांना हात नव्हते, पाय नव्हते, नखं नव्हती. दात होते, पण ते माती उकरायच्या कामाचे नव्हते. तरीही टेकडीवर जेवढी म्हणून बिळं होती तेवढी सगळी त्यांची. उन्हाळ्याचं बीळ वेगळं, पावसाळ्याचं वेगळं. कात टाकायला एक. कात टाकल्यावर नव्या कातडीला वारा लागू नये म्हणून आणखी एक. पाहुण्यांसाठी एक ऐसपैस बीळ होतं, आत वाळलेलं गवत अंथरलेलं. तिथं आजवर एकही पाहुणा आला नव्हता. बाकीची बिळं नुसतीच होती, रिकामी.

आणि खणणारे उंदीर कुठं राहत? कुणी दगडाच्या आडोशाला, कुणी पानाखाली, कुणी ढोलीत जागा मिळालीच तर ढोलीत. दिवसभर जमीन पोखरायची आणि दिवस मावळला की झोपायला पान शोधायचं. डोंगर पोखरून उंदीर काढला, असं तुमचे वडील तुमच्या निकालाच्या दिवशी म्हणतात ना? इथं उंदीरच डोंगर पोखरत होते आणि निघत होता नाग.

रीत अशी होती. बीळ पुरं झालं की फणीराव यायचे, तोंडाशी थांबायचे, खणणाऱ्याचं कौतुक करायचे आणि आत शिरायचे. झालं, बीळ त्यांचं. खणणाऱ्याला मूठभर दाणे मिळायचे. हे दाणे उंदरांनीच रानातून वेचून फणीरावांच्या कोठारात नेऊन टाकलेले असत. पण कोठारातून बाहेर येताना ते फणीरावांच्या हुकमानं यायचे, म्हणून उंदीर त्यांना अन्नदाते म्हणायचे. पोरं जेवायच्या आधी त्यांचं नाव घ्यायची.

म्हाताऱ्यांचीही सोय होती. दात झिजले, खणवेना झालं, की फणीराव त्या उंदराला स्वतः बोलावून आत घेऊन जात. याला निवृत्ती म्हणत. निवृत्त झालेला एकही उंदीर परत आला नव्हता. त्यावरून आतली सोय फारच चांगली असणार, असा सगळ्यांचा समज होता.

हसू नका. तुम्ही त्या टेकडीवर जन्मला असता तर तुम्हीही असंच समजला असता.

या टेकडीवर भिवा नावाचा एक उंदीर होता. खणण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. त्यानं खणलेल्या बिळाचं छत कधी ढासळलं नाही, वाट कधी वाकडी गेली नाही. सगळे त्याला खणणारा भिवा म्हणायचे, आणि असं कुणी म्हटलं की त्याच्या मिशा जरा वर जायच्या. त्याच्या बायकोचं नाव कोंडाबाई. ती पोटुशी होती.

मागच्या खेपेला कोंडाबाई पानाखाली व्याली होती. घारीनं एकही पिल्लू ठेवलं नाही. तिच्या डोळ्यांदेखत एकेक उचलून नेलं, आणि ती खाली उभी राहून वर बघत राहिली. तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. बीळ. मोठं नको, गवत नको, कायमचंही नको. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत आणि ती पळायला लागेपर्यंत डोक्यावर माती हवी होती, म्हणजे घारीला दिसणार नाहीत. एवढंच.

तिनं भिवाला फणीरावांकडे धाडलं. म्हणाली, पाहुण्यांचं बीळ रिकामं पडलंय, तेवढं थोडे दिवस मागा. भिवा गेला, हात जोडून उभा राहिला, मागितलं. फणीरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं, असं भिवा पुढं कितीतरी वेळा सांगायचा. ते म्हणाले, भिवा, तुला द्यायला माझी ना नाही, पण आज तुला दिलं तर उद्या सगळ्यांना द्यावं लागेल.

भिवाला हे पटलं. घरी येऊन त्यानं ते कोंडाबाईलाही पटवायचा प्रयत्न केला.

"आणि सगळ्यांना दिलं तर काय होईल?" कोंडाबाईनं विचारलं.

भिवा बराच वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, ते विचारायचं राहिलं.

याच सुमाराला टेकडीवर काटेकर मास्तर आले. मास्तर म्हणजे एक साळिंदर. अंगभर काटे, भुवया दाट, स्वभाव तापट. याआधी बऱ्याच जंगलांतून त्यांना हाकललं होतं, आणि प्रत्येक जंगलातून निघताना ते तिथल्या नागाबद्दल दोन शब्द बोलून निघाले होते. टेकडीच्या पायथ्याशी एक सुखवस्तू तरस होता, त्याच्याकडे ते उतरले. रोज उन्हं कलली की ऐनाच्या झाडाखाली उभे राहून बोलायचे.

आणि मुलांनो, बोलायचे ते खरं बोलायचे. ही गोष्ट मी थट्टेनं सांगतोय, पण एवढं थट्टेनं सांगत नाही. मास्तर म्हणाले, बीळ म्हणजे काय? बीळ म्हणजे उंदराची मेहनत. माती तर सगळीकडेच आहे, तिला बीळ करतो तो उंदराचा पंजा. मग बीळ नागाचं कसं? ते म्हणाले, नाग दुष्ट आहे म्हणून शिरतो असं समजू नका. तो शिरला नाही तर पलीकडच्या टेकडीवरचा नाग येऊन शिरेल, म्हणून याला थांबता येत नाही. नवं बीळ दिसलं की शिरायचंच, हा त्याचा धर्म होऊन बसलाय. ते म्हणाले, तुम्ही जेवढं खणता तेवढे तुम्ही गरीब होता, कारण खणलेलं सगळं त्याच्याकडे जातं आणि तुमच्याकडे नुसती झिजलेली नखं उरतात.

उंदीर माना डोलवत होते. मग मास्तर म्हणाले, "तुम्हाला मूठभर दाणे देऊन वरचं जे काही उरतं, ते वरकड. हे वरकड नागोबा खातो."

इथं घोटाळा झाला. वरकड हा शब्द उंदरांनी कधी ऐकला नव्हता. पण खातो म्हटल्यावर तो खायचा पदार्थ असणार हे उघड होतं. सभा संपल्यावर त्याचीच चर्चा. एक म्हणाला, वरकड म्हणजे गुळाची ढेप असणार. दुसरा म्हणाला, नाही, तिखट असतं, माझ्या आजोबांनी एकदा चाखलं होतं. तरण्या उंदरांची एक टोळी कोठाराच्या मागं वरकड हुंगत हिंडून आली आणि सापडलं नाही म्हणून मास्तरांवर रुसली. मास्तरांनी पुढच्या सभेत पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. ती सभा फार लांबली आणि श्रोते पेंगले.

कोंडाबाई पेंगली नाही. तिनं सभा संपल्यावर मास्तरांना गाठलं. म्हणाली, मास्तर, तुमचं सगळं पटलं, माझे दिवस भरत आलेत, बीळ कधी मिळेल तेवढं सांगा. मास्तरांचे डोळे पाणावले. ते म्हणाले, बाई, काळाचं चाक फिरतंय, तुझ्या पणतवंडांच्या पणतवंडांना नक्की मिळेल. कोंडाबाई म्हणाली, पण पणतवंडं व्हायला आधी पोरं जगायला नकोत का?

मास्तर म्हणाले, प्रश्न चांगला आहे. आणि दुसऱ्या कुणाकडे वळले.

मग कोंडाबाईनं पदर खोचला. उंदरीण असली म्हणून काय झालं, पदर म्हणायची पद्धत आहे. करवंदीच्या जाळीत, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, ती स्वतः खणायला लागली. दिवसा फणीरावांच्या बिळावर राबायची आणि तिथून सुटली की जाळीत शिरायची. भिवानं मदत केली, पण भीत भीत. मालकांना कळलं तर, हे त्याच्या तोंडात सारखं. पोट घेऊन वाकवत नव्हतं, तरी तिनं बीळ पुरं केलं. एकच तोंड होतं त्याला. मागची वाट काढायला सवड मिळाली नाही. उकरलेल्या मातीचा ढीग तोंडाशी तसाच राहिला.

आता फणीरावांकडे वळू. उंदीर कुजबुजतात हे त्यांच्या कानावर गेलं. नागाला कान नसतात हे मला माहीत आहे. शहाणपणा नको. त्यांना कळलं, एवढं समजा. दुसरा कुणी असता तर त्यानं चार उंदीर गिळून जरब बसवली असती. फणीराव तसे नव्हते. ते म्हणाले, यांची भक्ती कमी पडत चाललीय, भक्ती वाढवायला हवी.

नागपंचमी जवळ आलीच होती. दर पंचमीला उंदीर फणीरावांची पूजा करायचे. लाह्या वाहायचे, दूध ठेवायचे, हळदकुंकू लावायचे. त्या दिवशी सगळ्यांचे चेहरे कसे गोड असतात, हे फणीरावांनी पाहिलं होतं. त्यांनी दवंडी पिटवली, की यंदापासून पंचमी एका दिवसाची नाही. श्रावण संपेपर्यंत रोज पंचमी.

टेकडीवर आनंदीआनंद झाला. आणि दुसऱ्या दिवशी एकही उंदीर कामावर आला नाही.

का ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आईनं सांगितलंय. पंचमीला चिरू नये, तळू नये, नांगरू नये, आणि जमीन खणू नये. नागाला इजा होते. सगळ्या जगाला हे ठाऊक होतं, फक्त नागाला ठाऊक नव्हतं. फणीरावांनी जन्मात कधी खणलं नव्हतं, त्यामुळे खणणं बंद ठेवायचा दिवस असतो हे त्यांना कळणार कुठून? त्यांच्या वाट्याला पंचमीचं दूध आणि लाह्या यायच्या. नांगर कुणाचा उभा राहतो, पंजा कुणाचा थांबतो, तिकडं त्यांचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

त्यांनी उंदरांना बोलावून विचारलं. उंदरांनी कानाला हात लावले. म्हणाले, मालक, तुमच्याच सणाला तुमचीच जमीन खणू? नरकातसुद्धा जागा मिळायची नाही. फणीरावांना हुकूम मागं घेता येईना. मागं घेतला तर देवपण जातं. त्यांनी आणखी थोडं दूध घेतलं.

सगळ्यात जास्त राग आला काटेकर मास्तरांना. सगळ्या टेकडीचं काम एका दमात बंद पडलं होतं. मास्तरांनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि ते घडलं होतं लाह्या उडवत. ते म्हणाले, हा संप नव्हे. यांना आपण संपावर आहोत हेसुद्धा माहीत नाही. असला संप मी धरत नाही.

इकडं फणीराव अस्वस्थ झाले. नवं बीळ नाही, म्हणजे शिरायला जागा नाही. तुम्ही म्हणाल, इतकी बिळं रिकामी होती की. पण त्यांत ते आधीच शिरलेले होते. शिरलेल्या बिळात पुन्हा शिरण्यात काय मजा? ते टेकडीभर सरपटत फिरायचे. आणि फिरता फिरता एका सकाळी त्यांना करवंदीच्या जाळीत ताज्या मातीचा ढीग दिसला.

कोंडाबाई बिळाच्या तोंडाशीच बसली होती. तिला कळा सुरू व्हायच्या बेतात होत्या. फणीराव थांबले. खणणाऱ्याचं कौतुक केलं. आत डोकावले.

"मालक, हे माझं आहे," कोंडाबाई म्हणाली. "माझे दिवस भरलेत. तुमची एवढी बिळं रिकामी आहेत."

"रिकामी आहेत म्हणून तर ती माझी आहेत, बाई," फणीराव मऊ आवाजात म्हणाले. "कुणी राहत असतं तर ती नुसती घरं झाली असती."

आणि ते आत शिरले. सावकाश, अंग न खरवडता. आधी फणा गेला, मग धड गेलं, मग शेपटी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच प्रसंग.

कोंडाबाई उभी राहिली. वर आभाळात घार होती. ती मागच्या वेळचीच घार होती की दुसरी, कुणास ठाऊक. तिला घारीकडे बघवेना आणि बिळाकडेही बघवेना. रडू आलं, तर रडायलाही वेळ नव्हता. मग तिचं लक्ष मातीच्या ढिगाकडे गेलं. ती वळली, बिळाकडे पाठ केली, आणि मागच्या पायांनी माती आत ढकलायला लागली.

तेवढ्यात भिवा आला. त्यानं तिला आठवण करून दिली, की आज पंचमी आहे.

"पंचमीला खणायचं नसतं," कोंडाबाई म्हणाली. "बुजवायचं नसतं असं कुणी सांगितलंय?"

भिवानं आठवून पाहिलं. चिरू नये, तळू नये, नांगरू नये, खणू नये. बुजवण्याबद्दल कुठं काही नव्हतं. तो बाजूला उभा राहिला. मदत त्यानं केली नाही, पण अडवलंही नाही.

आवाज ऐकून बाकीचे उंदीर गोळा झाले. काय चाललंय म्हणून विचारू लागले. कोंडाबाई धापा टाकत म्हणाली, मालक आत विसावलेत, त्यांना वारा लागू नये म्हणून झाकतेय. हे ऐकून सगळ्यांना भरून आलं. एकानं दगड आणून ठेवला. दुसऱ्यानं त्याहून मोठा आणला, कारण पहिल्यापेक्षा आपली भक्ती कमी दिसू नये. मग चढाओढच लागली. दगड, माती, चिखल, त्यावर हळदकुंकू, त्यावर लाह्या. दुपारपर्यंत तिथं एक लहानशी टेकडीच उभी राहिली.

आतून आवाज आला, "खणा."

उंदरांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हातारा म्हणाला, मालक आपली परीक्षा घेतायत. सगळ्यांना पटलं. पंचमीला खणा असं साक्षात नाग कसा सांगेल? त्यांनी हात जोडले आणि आरती जरा मोठ्यानं म्हटली, म्हणजे मालकांना ऐकू जाईल. आतून पुन्हा आवाज आला. फणीराव सगळं द्यायला तयार होते. प्रत्येकाला एक बीळ, कोठार खुलं, निवृत्ती बंद. उंदीर म्हणाले, बघा, किती कठीण परीक्षा घेतात. आणि कुणीही मोहाला बळी पडलं नाही.

कोंडाबाई आरतीला थांबली नाही. ती सरळ पाहुण्यांच्या बिळात गेली, वाळलेल्या गवतावर आडवी झाली आणि व्याली. पिल्लं लालबुंद होती, डोळे मिटलेले, पण सगळी जिवंत. वर हातभर माती होती. घारीला काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाहेर येऊन म्हणाली, बायांनो, बिळं रिकामी आहेत, पोरंबाळं घेऊन या. बाया तोंडापर्यंत आल्या. वास घेतला. गवताला हात लावून पाहिला. पण आत कुणी जाईना. मालकांना न विचारता कसं शिरायचं, असं एकमेकींना म्हणाल्या. मग त्यांनी एक मधली तोड काढली. रिकाम्या बिळांच्या बाहेर, तोंडाला लागून, त्या पानं अंथरून झोपू लागल्या. भिवासुद्धा. तो दिवसभर पिल्लांना खेळवायचा, चाटायचा, आणि झोपायला बाहेर जायचा.

त्या महिन्यात उंदीर जाड झाले. वेचलेले दाणे कोठारात न जाता पोटात जात होते. निवृत्त कुणीच झालं नाही. पोरं दिवसभर उनाडत होती. पण उंदरांचा जीव लागत नव्हता. पंजे शिवशिवायचे. आपलं पुढं कसं होणार, असं सारखं वाटायचं. सुखानं घास जात होता, पण तो कुणाचं नाव घेऊन खायचा हेच कळत नव्हतं.

ऐनाच्या झाडाखाली मात्र गर्दी वाढली होती. एक कासव आलं होतं नव्या विचारांचं. ते म्हणायचं, भांडू नका, दूर कुठंतरी एक आदर्श वसाहत करू, प्रत्येकानं माझ्यासारखं आपलं घर आपल्या पाठीवर घ्यावं. मास्तर त्याच्यावर तुटून पडले. म्हणाले, हा स्वप्नाळू आहे, घर पाठीवर घेऊन जन्मलेल्याला काय कळणार. कासवानं उत्तर दिलं, मास्तरांनी प्रत्युत्तर दिलं. दोघांचं भांडण श्रावणभर चाललं. रिकामी बिळं तिथून हाकेच्या अंतरावर होती. पण मास्तर म्हणाले, आधी विचारांचा निकाल लागू दे, मग बिळांचं बघू.

पोळा झाला आणि श्रावण संपला. दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे उंदीर करवंदीच्या जाळीपाशी जमले. कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्यांत पुढं भिवा होता. त्यानं दगड बाजूला केले आणि खणायला सुरुवात केली. किती दिवसांनी मातीला पंजा लागला होता. त्याच्या मिशा वर गेल्या होत्या.

कोंडाबाई धावत आली. मागं पिल्लं होती, डोळे उघडलेली, तुरुतुरु चालणारी.

"त्याला कशाला काढताय?"

"काम नको का, कोंडे? काम कोण देणार?"

"काम काय होतं? बिळं खणायचं. बिळं आहेत की आपल्याजवळ. आता काम कशाला पाहिजे?"

भिवा थांबला. तिच्या बोलण्यात चूक काय आहे ते त्याला सापडेना. मग तो हळूच म्हणाला, "सगळे मला खणणारा भिवा म्हणतात. खणलं नाही तर मी कोण?"

कोंडाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. हा चांगला उंदीर होता, तिनं त्याच्याबरोबर इतके दिवस काढले होते, आणि तिला त्याची चीडही आली आणि मायाही. बरोबर चल, असं ती दोनदा म्हणाली. तो म्हणाला, एवढं पुरं करून येतो. मग तिनं पिल्लांना पुढं घातलं आणि ती ओढ्याकडे निघाली. एका बाईनं तिला हटकलं, पलीकडं नाग नाही का? कोंडाबाई म्हणाली, असेल, पण तिथं अजून मी त्याच्यासाठी खणलेलं नाही. ओढा ओलांडून ती गवतात दिसेनाशी झाली. ती पुढं कुठं गेली ते मला माहीत नाही. पिल्लं जगली, एवढं नक्की.

भिवानं वाट सरळ काढली, छत नीट धरलं, मातीचा कणही ढासळू दिला नाही. आणि शेवटची माती दूर केली. आतून फणीराव बाहेर आले. वाळले होते, पण डौल तोच. सगळ्यांनी हात जोडले.

फणीराव कित्येक दिवस उपाशी होते, आणि सगळ्यात जवळ भिवा होता.

ऐनाच्या झाडाखालून काटेकर मास्तर पाहत होते. ते म्हणाले, बघा, मी हेच सांगत होतो. आणि मुलांनो, ते खरंच हेच सांगत होते. पहिल्या दिवसापासून त्यांचा एकही शब्द चुकला नव्हता.

भिवाची शेपटी अजून फणीरावांच्या तोंडाबाहेर दिसत होती, तेवढ्यात त्याच्या जागी खणायच्या कामाला लागण्यासाठी उंदरांची रांग लागली. रांगेत थोडी धक्काबुक्कीही झाली.

तात्पर्य : नागोबा चुकून बुजला गेला, तर त्याला लगेच उकरून काढावं. उशीर केल्यास बिळं रिकामी आहेत हे सगळ्यांच्या लक्षात येण्याचा धोका असतो.